पालकाच्या रकान्यातली विद्यार्थिनी

द्वारका, नाशिक

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



२००३ च्या पावसाळ्यात माझी आई दहावीला बाहेरून बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म आणायला इथल्या एका शाळेत गेली. मी सोबत होते. खिडकीमागच्या लिपिकाने आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, पाल्य कुठंय? त्याची सही लागते. त्याला घेऊन या.”

आई म्हणाली, “मीच आहे.”

त्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “तुझा फॉर्म आहे का?” मी तेव्हा २१ वर्षांची, बी.कॉम. झालेली. आईने पुन्हा सांगितलं, “अहो, परीक्षा मला द्यायचीये. पाल्य मीच.” मग त्याने फॉर्म दिला, कुठे काय लिहायचं तेही नीट समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. बेचाळीस वर्षांची बाई शाळेच्या खिडकीशी आली म्हणजे ती कुणाची तरी आई म्हणून आली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

घरी आल्यावर खरी अडचण ‘पालकाचे नाव’ या रकान्याची झाली. तिचे आई-वडील कधीच गेलेले. शेवटी तिथे आमच्या दादांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. दादा द्वारकेवरून माल वाहणारा टेम्पो चालवायचे, स्वतः चौथी शिकलेले. बायकोचा पालक म्हणून सही करताना त्यांचं पेन मध्येच थांबलं होतं, ते मला अजून दिसतं.

साहेब, हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे. आपल्याकडे शिक्षणाची जी जी योजना निघते, तिच्यात माझ्या आईसारखी बाई ‘पालक’ म्हणून असते. ती मुलांना शाळेत पाठवते, सभेला येते, पोषण आहार शिजवते, सही करते किंवा अंगठा उमटवते. ती स्वतः शिकायला निघाली, की तिच्यासाठी कागदावर जागा उरत नाही.

माझी आई सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडची. तो भाग अवर्षणाचा, कोरडवाहू बाजरीचा, हे तुम्हाला सांगायला नको. १९७२ च्या मे महिन्यात ती पाचवी पास झाली. जूनमध्ये सहावीत बसली आणि पाऊस आलाच नाही. दिवाळीपर्यंत ती शाळेत गेली. त्यानंतर घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर, आणि अकरा वर्षांची ही पोर खडीच्या ढिगाशी धाकट्या भावाला सांभाळत, जमेल तशी हातोडी चालवत. तिथे खायला सुकडी मिळायची. ती सांगते, “सुकडीच्या कागदावर काही छापलेलं असलं, की मी ते वाचून काढायची. दुसरं वाचायला होतंच काय?” पुढे पाऊस पडला, बाजरी आली, पण शाळा परत आली नाही. धाकट्या दोघांना घालायचं म्हणून तिला काढलेली होती. घरात शाळेला पुरेल एवढा पैसा येतो तेव्हा तो आधी कुणाकडे जातो, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे.

सतराव्या वर्षी लग्न झालं आणि ती सिन्नर गावात आली. सिन्नर म्हणजे विडीचं गाव. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली तेंदूची पानं आणि दोऱ्याचं रीळ. मान खाली घालून दिवसभर विड्या वळायच्या. २५ विड्यांचा एक कट्टा, ४० कट्टे म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. संध्याकाळी मोजून द्यायला गेलं, की तपासणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्या गेल्याच, त्यांचे पैसे नाहीत. वहीत किती लिहिले, किती कापले, हे आईला वाचता येत होतं. बाकीच्या बायका तिला आपापल्या वह्या दाखवायच्या. पाचवीच्या शिक्षणाला आलेलं पहिलं पीक ते होतं. तपासणाऱ्याला ते फारसं आवडलं नाही.

१९९१ मध्ये आम्ही नाशिकला आलो. पुणे रस्ता जिथे आग्रा रोडला मिळतो, त्या द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एक खोली घेतली. सिन्नरच्या माणसाला नाशिक इथूनच सुरू होतं. एसटी इथे थांबते आणि बोचकं घेऊन माणूस उतरतो. आई डबे करायला लागली. सकाळी वीस, रात्री वीस. तेव्हा चौकावर उड्डाणपूल नव्हता, रात्रभर ट्रकची घरघर दारापर्यंत यायची. दहावीचं ठरल्यावर पहाटे साडेतीनला उठून ती कणीक मळून ठेवायची आणि चार ते पाच अभ्यास करायची. माझी जुनी पुस्तकं होती. भूगोल तिला सर्वांत आवडायचा. अवर्षणप्रवण प्रदेशाचा धडा वाचताना ती म्हणाली होती, “आमच्याबद्दल एवढं लिहिलेलं होतं, आणि आम्हालाच माहीत नव्हतं.”

फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तिच्याकडे तो नव्हता. तीस वर्षं कुणी मागितलाच नव्हता. ती गावी गेली. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाट उघडून जनरल रजिस्टर काढलं, पानांचे कोपरे तुटत होते. नाव सापडलं. जन्मतारीख १ जून. तिच्या वर्गातल्या बहुतेकांची १ जूनच होती. गुरुजी नाव घालून घ्यायचे तेव्हा तीच टाकायचे. नावापुढे शाळा सोडल्याचं कारण लिहिलं होतं, “सतत गैरहजर.” दाखला हातात घेऊन ती एसटीत बसली आणि सिन्नर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, “गैरहजर नव्हते गं मी. खडी फोडत होते.”

आता गणिताचं सांगते, कारण तुमच्या खात्याने ऐकावं असं मला वाटतं. मी तिला बीजगणित शिकवायला घेतलं आणि ‘क्ष’ दिसला की ती पुस्तक मिटायची. एकदा मी म्हटलं, “आई, क्ष म्हणजे न मोजलेले कट्टे. प्रत्येकात पंचवीस विड्या, वर दहा सुट्या, एकूण नऊशे दहा. कट्टे किती?” माझं वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, “छत्तीस.” मी खूश झाले. मार्च २००४ च्या परीक्षेत ती गणितात नापास झाली. तिने पुष्कळ उदाहरणांची उत्तरं बरोबर लिहिली होती, असं तिचं म्हणणं. मात्र तिने फक्त उत्तरं लिहिली होती. पायऱ्या नव्हत्या. आयुष्यभर तोंडी हिशेब केलेल्या बाईला पायऱ्या कागदावर मांडायच्या असतात आणि गुण त्यांना असतात, हे मी सांगायला विसरले होते. तो माझा दोष. वर्गात बसलेल्या मुलीला ही गोष्ट पहिल्याच चाचणीत कळते. घरून परीक्षा देणाऱ्या आईला ती निकाल लागल्यावर कळली.

इंग्रजीही राहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते निघालं. गणित तिने मार्च २००५ मध्ये काढलं. दादांनी पेढे आणले आणि डब्याच्या चाळीस घरी एकेक पेढा गेला.

त्याच २००४ सालच्या मे महिन्यात, आईचा पहिला निकाल लागायच्या थोडं आधी, वामनदादा कर्डक नाशकात वारले. १५ मे. आई त्या दिवशी पुस्तकाला हात न लावता बसून होती. वामनदादा आमच्या तालुक्याचे, देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ चा त्यांचा जन्म. दलित घर, शाळेची पायरी चढायला मिळाली नाही. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत राबले, शिवडीच्या चाळीत राहिले. तिथे कुणीतरी त्यांना आपलं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या अपमानाने ते रडले. मग देहलवी नावाच्या शिक्षकांनी त्यांना अक्षरं दाखवली आणि पुढचं ते दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. पाटी वाचायची, जोडाक्षर अडलं की विचारायचं, पुढच्या पाटीवर ते पुन्हा ओळखायचं. वयात आल्यावर बाराखडी गिरवलेल्या या माणसाने नंतर आंबेडकरी चळवळीसाठी किती गाणी लिहिली, ते महाराष्ट्र जाणतो.

आईला त्यांच्या गाण्यांपेक्षा त्या पाट्यांची गोष्ट जास्त जवळची. द्वारकेवर उतरली तेव्हा तीही पाट्या वाचत हिंडायची, इंग्रजी पाट्या. टायरवाल्याची, लॉजची, ट्रॅव्हल्सची. तिचं इंग्रजी तिथून सुरू झालं. पण साहेब, वामनदादांची गोष्ट सांगताना मला नेहमी एक भीती वाटते. आपण अशा माणसांच्या जिद्दीचे सत्कार करतो आणि त्यांना पाट्यांवरून शिकावं का लागलं, हे विचारायचं राहून जातं. देहलवी मास्तरांसारखा एक माणूस भेटला, म्हणून अक्षरं मिळाली. ज्यांना तो भेटला नाही, त्यांची नावं आपल्याकडे नाहीत.

शाळेपासून तुटलेल्यांपर्यंत शिक्षण नेणं महाराष्ट्राला नवीन नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्याला शेत सुटत नाही त्याने रात्री शिकावं, एवढा सरळ विचार. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचं, आणि सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. ती मोहीम पुढे राज्यभर गेली. त्याच १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ केली, नंतर ती मर्यादा १२०० झाली. खेड्यातल्या किती घरांमधला पहिला पदवीधर त्या निर्णयातून आला! १९८९ मध्ये तर आमच्या नाशकातच, यशवंतरावांच्याच नावाने मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले पहिले कुलगुरू. शाळा अर्धवट सुटलेल्या, किंवा शाळेत न गेलेल्या प्रौढालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीच्या वाटेला लागता यायचं. आईही त्याच वाटेने बी.ए.ला बसली. पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा घरी आला, त्या दिवशी तिने त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली. दोन वर्षं झाली. तिसऱ्या वर्षी दादांना पक्षाघात झाला आणि पुस्तकं पुन्हा गठ्ठ्यात बांधली गेली. तो गठ्ठा कपाटावर आहे.

१ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला, तेव्हा आई ४८ वर्षांची होती. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क. बातमी ऐकून ती म्हणाली, “चांगलं झालं. आता कुणाला ‘सतत गैरहजर’ लिहिणार नाहीत.” स्वतःबद्दल काहीच बोलली नाही. ज्यांचं सहा ते चौदा हे वय दुष्काळात, ऊसतोडीत, वीटभट्टीवर गेलं, त्यांचं काय, हा प्रश्न त्या कायद्याने घेतलेला नाही. त्याने तो घ्यायला हवा होता असंही मी म्हणत नाही. पण मग तो दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवा.

आता विडीचंच बघा. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी उभा राहिला. त्यातून विडी कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. मलाही मिळाली, ती नसती तर माझी पहिली काही वर्षं अवघड गेली असती. पण विडी वळणाऱ्या बाईलाच दहावीला बसायचं असेल, तर ती शिष्यवृत्ती तिच्यासाठी नाही. ती पुन्हा पालकाच्या रकान्यात. ही योजना केंद्राची आहे, मला ठाऊक आहे. महाराष्ट्राचा शिक्षणमंत्री त्याबद्दल दिल्लीला एक पत्र तरी लिहू शकतो.

नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, हे सध्याचं काम. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ, वय १५ च्या पुढचं. मी गेली काही वर्षं माझ्या घरी संध्याकाळी सात ते आठ एक वर्ग घेते. स्वयंसेवक म्हणूनच. काठे गल्ली आणि टाकळी रोडच्या बाजूच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका येतात. कधी पाच, कधी दोन. त्यांतल्या दोघींनी १७ मार्च २०२४ ला उल्लासची परीक्षा दिली. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. दोघी उत्तीर्ण. प्रमाणपत्र मिळालं त्या संध्याकाळी त्यांतली एक म्हणाली, “ताई, आता पुढचं पुस्तक कोणतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र. अक्षरओळख झालेल्या बाईपासून दहावीच्या परीक्षेपर्यंत मोठं मैदान आहे आणि त्यात एकही शिक्षक उभा नाही. राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेतं, हे मी वर्गात सांगते. पण परीक्षा म्हणजे शिकवणं नव्हे. रात्रशाळा आहेत, त्या बहुतेक मुंबईत. आमच्या भागात महापालिकेच्या शाळा संध्याकाळी सहानंतर कुलुपात असतात. बाकं आहेत, फळा आहे, दिवे आहेत. शहरात दोन-तीन जागी आठवड्यातून चार संध्याकाळी एक गणिताचा आणि एक इंग्रजीचा शिक्षक मानधनावर बसवला, तरी माझ्या वर्गातल्या बायका चालत येतील. बाकीचे विषय त्या करतात. इतिहास, भूगोल, मराठी त्यांना अवघड जात नाही, त्या सांगतात, “हे तर कीर्तनात ऐकलेलं आहे.” अडतं ते या दोन विषयांवर. आईचंही तिथेच अडलं होतं.

त्यांना पाठ्यपुस्तकं शाळेतल्या मुलांप्रमाणे मोफत द्या, परीक्षा शुल्क माफ करा. रक्कम तुम्हाला किरकोळ वाटेल. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती घरातल्या कुणाकडे तरी मागावी लागते, आणि मागितली की विचारलं जातं, “आता शिकून काय करणार?” त्या प्रश्नावर माझ्या डोळ्यांदेखत दोघी थांबल्या. त्यांतली एक उत्तम वाचायची.

२०२४ मध्ये एक चांगली गोष्ट झाली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचं ठरलं. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. आमच्या वर्गातल्या एकीला नात झाली. जन्मदाखल्यावर आपल्या सुनेचं नाव तिने बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. आईचं नाव कागदावर आणणाऱ्या सरकारला, ते नाव त्या आईला स्वतः वाचता यावं, याचं महत्त्व पटवून द्यावं लागू नये.

मोठ्या बायकांसाठी शाळा निघाल्याचं उदाहरणही आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. गुलाबी नऊवारीतल्या आज्या दप्तर घेऊन बसलेल्या, तो फोटो जगभर गेला. मला त्या फोटोचा अभिमान आहे. पण तो पाहिला की वाटतं, साठीच्या पुढे पोथी वाचायला शिकण्याचा आनंद मोठाच, तरी तिशी-चाळिशीतल्या बाईची निकड वेगळी. तिला दवाखान्यात आयाचं काम सोडून पुढचं काम घ्यायचंय, बचत गटाचं पुस्तक स्वतः लिहायचंय. जाहिरातीत ‘किमान दहावी’ लिहिलेलं असतं आणि ती बाई जाहिरात तिथेच दुमडून ठेवते.

शेवटी एका अगदी छोट्या कामाबद्दल. आमच्या वर्गातली एक बाई ३८ वर्षांची आहे, पेठ तालुक्यातली. पाचवीनंतर द्राक्षबागांच्या कामावर गेली. तिला यंदा १७ नंबरचा फॉर्म भरायचा आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणायला ती गावी गेली, तर त्या वर्षांच्या रजिस्टरला वाळवी लागलेली. पुन्हा या, बघतो, असं सांगितलं. ती दोनदा जाऊन आली. एका खेपेला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. प्रतिज्ञापत्र करून चालतं, असं कुणी म्हणतं. ते कुठे करायचं, त्यावर काय लिहायचं, कुणाची सही लागते, हे तिला एका जागी बसून सांगणारं कुणी नाही. फॉर्म आता ऑनलाइन झाला आहे आणि तिच्याकडचा फोन मुलाचा आहे. प्रत्येक तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आठवड्यातला एक दिवस, शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांचे दाखले शोधून द्यायला आणि फॉर्म भरून घ्यायला ठेवता येईल का? माणूस तिथे आहे, टेबल तिथे आहे.

माझी आई आता ६० च्या पुढे आहे. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून वर्गात खुर्चीवर बसते आणि गणित तीच शिकवते. पहिल्या दिवशी प्रत्येकीला सांगते, “बायांनो, उत्तर आलं तरी पायऱ्या लिहायच्या.” हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पेठच्या बाईचं काम फॉर्मची तारीख जायच्या आत व्हायला पाहिजे, तेवढं ठळक लिही.

ते लिहिते आहे. ती शनिवारी तिसऱ्यांदा पेठची गाडी धरणार आहे.

आपली,
द्वारकेवरची एक शिक्षिका